हाडातलं विरजण

यांचा सदरा डाव्या अंगाला ओढायला लागला तेव्हा मी आधी शिंप्याच्या नावानं खडे फोडले. बाजाराच्या दिवशी काष्टीला गेले, त्याच्या मशीनसमोर उभी राहिले आणि विचारलं, कापड आम्ही भरपूर दिलं होतं, मग एकाच अंगाला कमी कसं पडलं? बिचाऱ्यानं सदरा उलगडला, टेप लावली. दोन्ही बाजू सारख्या भरल्या. आता माघार कशी घ्यायची, म्हणून मी काजं वाईट केलीत असं ठणकावून सांगितलं आणि परत आले. संध्याकाळी हे अंघोळीला बसले होते तेव्हा नीट बघितलं, तर खोट सदऱ्यात नव्हतीच. डाव्या बरगडीखाली पोट वर आलं होतं. हात लावला तर मऊ लागेना, उंबऱ्यासारखं टणक लागलं.

बहात्तर साल होतं ते. दुष्काळानं विहिरी तळाला गेलेल्या. हे विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचे, आणि पाणीच नाही तर इंजिन चालवणार कोण? हातात काम नव्हतं. माणूस वाळत चालला होता, झोपेत घामानं भिजत होता, चार पावलं चालला की धापा टाकत होता. आम्ही म्हणायचो, काळजीनं होतंय. त्या वर्षी काहीही झालं तरी सगळे दुष्काळाच्याच माथी मारायचे.

माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्याकडं मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क असतो, आणि आत्यानं तो मी परकर नेसायच्या आधीच बोलून ठेवला होता. लग्नानंतर माझ्या जिभेवर एकच फरक पडला. आधी ‘अगं आत्या’ म्हणायचे, मग ‘अहो आत्या’ म्हणायला लागले. घरसुद्धा परकं वाटलं नाही. आत्या सासरी आली तेव्हा माझ्या आजीनं तिच्याबरोबर गाडग्यातून विरजण दिलं होतं. तेच विरजण ती इतकी वर्षं चालवत आली होती, रोज चमचाभर मागं ठेवून. सासरी मी पहिल्यांदा जेवले तर ताकाची चव माहेरचीच. मी तिथंच ताट पुढ्यात घेऊन रडले होते आणि आत्या मला हसली होती.

तर आत्यानं यांचं पोट चाचपलं आणि निकाल देऊन टाकला. पानथरी आहे म्हणाली. हिवतापानं पोटात डावीकडं जी गाठ वाढते तिला आमच्याकडं पानथरी म्हणतात. माझ्या वडलांना लहानपणी झाली होती, डाग दिल्यावर बसली. मिरजगावच्या अंगाला एक म्हातारा असे डाग द्यायचा. मी म्हटलं, आधी दवाखान्यात नेऊ. आत्या म्हणाली, दवाखाना कुठं पळून जातोय का? आणि हे आईच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते.

म्हाताऱ्यानं सळई निखाऱ्यात लाल केली. यांनी सदरा वर धरला. मला बाहेर जा म्हणाले, पोटुशी बाईनं बघू नये. मला चौथा महिना लागला होता. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दोनदा दिवस राहून गेले होते, आणि आता हे तिसरं टिकत होतं. मी दाराबाहेर उभी राहिले. यांच्या तोंडून आवाज आला नाही. कातडी करपल्याचा वास मात्र आला, आणि मी तिथंच भिंतीला धरून ओकले.

डाग लागू पडला नाहीच. महिना होत आला तरी जखम ओली, भोवतीची कातडी काळीनिळी, आणि पोट जिथल्या तिथं. उलट ते बेंबीकडं सरकलं. मग माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आत्याला म्हटलं, आता तुम्ही या नाहीतर घरी बसा, मी यांना नगरला घेऊन चालले. आत्या मुकाट्यानं चपला घालून आली.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टर तरणाच होता. त्यानं डाग बघितले, कपाळाला आठ्या घातल्या. बोट टोचून रक्त घेतलं, आम्हाला व्हरांड्यात बसवलं. थोड्या वेळानं परत बोलावून दंडातून आणखी रक्त घेतलं. मग तो आतल्या मोठ्या डॉक्टरला घेऊन आला. दोघं हलक्या आवाजात बोलत होते. तरण्या डॉक्टरनं सांगितलं ते असं, की रक्तात पांढऱ्या पेशी भलत्याच वाढल्यात, पानथरीत त्याच जाऊन बसल्यात, हा रक्ताचा कॅन्सर दिसतो, पुण्याला न्या. त्याला सांगायला जड जात होतं हे मला दिसत होतं.

एवढं बोलून त्याची नजर माझ्या पोटाकडं गेली. कागदावर लिहितालिहिता त्यानं विचारलं, “नात्यातलं लग्न का?”

आत्या म्हणाली, व्हय, माझ्याच भावाची पोर हाय ही.

त्यानं “हं” केलं आणि लिहीत राहिला.

बस्स, इतकंच. आज मला माहीत आहे की असा प्रश्न डॉक्टर मंडळी सवयीनं विचारतात, जसा आपण पाहुण्याला पाणी विचारतो. पण त्या दिवशी त्या ‘हं’नं आमच्या घराला आग लावली. परतीच्या दौंडच्या एसटीत आत्या माझ्या शेजारी बसली होती. ती यांच्याकडं बघत नव्हती. ती माझ्या पोटाकडं बघत होती. काष्टीला उतरेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि आत्या गप्प म्हणजे काहीतरी शिजतंय हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या वडलांना निरोप धाडला. ते आले. आत्या त्यांची थोरली बहीण, तिच्यासमोर त्यांची मान कधी वर झाली नव्हती. ओसरीवर सगळे बसले आणि आत्यानं बोलायला सुरुवात केली. रडत नव्हती, ओरडत नव्हती, त्यामुळंच मला जास्त भीती वाटली. तिचं म्हणणं असं होतं, की हा रक्ताचा रोग आहे. रक्त कुणाचं? बापाकडून असतं तर कळलं असतं, त्यांच्याकडची माणसं ऐंशी ऐंशी वर्षं जगलीत. म्हणजे हे आलं आईकडून, तिच्या माहेरच्या रक्तातून. आणि सून कुठली आणली? त्याच घरातली. डॉक्टरनं नात्याचं विचारलं ते काही उगाच विचारलं नाही. पोटातल्या पोराला दोन्हीकडून तेच रक्त जाणार, तेव्हा ते जन्मायच्या आधीच थांबवलेलं बरं. सरकारनं आता तसा कायदा केलाय, दवाखान्यात रीतसर करून देतात, असं तिला व्हरांड्यातल्या कुणा बाईनं सांगितलं होतं.

“खान तशी माती,” आत्या म्हणाली. “ह्याला मी डोळ्यांदेखत झिजताना बघतीय. त्याच्या पोराला बघायचं बळ माझ्यात न्हाई.”

मी वडलांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. मी यांच्याकडं बघितलं. हे खांबाला टेकून बसले होते, एक हात डाव्या बाजूला दाबून धरलेला. मला वाटलं, हे तरी काही म्हणतील.

“आई म्हणती ते बरोबर हाय,” हे म्हणाले. “माझं रक्त माझ्याबरोबर संपू दे.”

मी तोंडाळ आहे, साऱ्या गावाला माहीत आहे. पण त्या क्षणी माझ्या तोंडाला कुलूप लागलं. नंतर जे सुटलं ते मात्र आवरेना. मी म्हटलं, सळईनं जाळताना विचारलंत का मला? मी म्हटलं, हे पोट माझं आहे, यात काय राहील आणि काय नाही ते ओसरीवर बसून ठरणार नाही. वडील म्हणाले, पोरी, आवाज खाली घे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तुमचा जरा वर घ्या. बापाला असं बोललेलं मला आजही बोचतं, पण ते शब्द मागं घ्यावेसे वाटत नाहीत.

शेवटी मी एक अट घातली. पुण्याला जायचंच आहे. मी बरोबर येणार. पोराचं काय ते पुण्याच्या डॉक्टरनं यांच्यासमोर तोंडानं सांगायचं. तो म्हणाला रोग पोराला जाईल, तर मी स्वतःच्या पायानं चालत जाईन, कुणी धरून न्यायला नको. आत्यानं मान डोलावली.

अट घातली खरी, आणि मग माझी खरी तंतरली. कारण मला काय माहीत होतं? सातवीपर्यंत शिकलेली बाई मी. आत्याचं म्हणणं चुकीचं आहे असं मला कुठं ठाऊक होतं? उलट ती म्हणत होती तेच सरळ दिसत होतं. रक्त बापाचं पोरात उतरतं, हे कोण नाकारणार? नाक उतरतं, चाल उतरते, मग रोग का उतरू नये? पुण्याच्या गाडीत यांच्या शेजारी बसून मी पोटावर पदर घट्ट ओढून घेतला होता. त्याच आठवड्यात पोरानं पहिल्यांदा आतून हालचाल केली होती. ती मी कुणालाच सांगितली नव्हती, यांनासुद्धा नाही. सांगितलं असतं तर ते पोर आणखी खरं झालं असतं.

पुण्याच्या दवाखान्यात यांच्या छातीच्या हाडात सुई घातली. मला बाहेर जा म्हणाले, मी गेले नाही. यावेळी कुणाचंच ऐकायचं नाही असं ठरवूनच आले होते. डॉक्टर पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. त्यानं सुई दाबली तशी हाडात काहीतरी कचकन गेल्यासारखा आवाज झाला. यांनी माझं मनगट धरलं. नळीत ओढलं ते रक्तासारखंच होतं, पण दाट, आणि त्यात बारीक बारीक कण. हा हाडातला मगज, तो म्हणाला, रक्त इथं तयार होतं. काचपट्ट्यांवर त्याचे थेंब ओढले आणि आम्हाला दोन दिवसांनी यायला सांगितलं. ते दोन दिवस आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यातच काढले. यांच्या छातीवर पट्टी, पोटावर डागाचे व्रण, आणि आमच्या दोघांत बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी भाकरी मोडून हातात द्यायची, हे खायचे.

तिसऱ्या दिवशी त्यानं आत बोलावलं. टेबलावर कागद होते. त्यानं चष्मा काढला, यांच्याकडं बघितलं आणि आजाराचं बोलायला सुरुवात केली. मी त्याला थांबवलं. थांबवायला नको होतं, यांच्या जिवाचा प्रश्न होता, पण मला दम निघत नव्हता.

“आधी एवढंच सांगा,” मी म्हटलं, “हे माझ्या पोटातल्याला होईल का?”

त्यानं घरात आणखी कुणाला असं झालंय का विचारलं. नाही. आईवडील, भावंडं, मामा? नाही. मग मीच सांगून टाकलं की आमचं नात्यातलं लग्न आहे, हे माझे आतेभाऊ, नगरच्या डॉक्टरनं हे विचारून ‘हं’ म्हटलं होतं.

मग त्यानं कागद उलटा केला आणि पेन्सिलीनं हाड काढलं. हाडाच्या पोकळीत मगज, आणि मगजात थोड्याशा मूळ पेशी. पेशी म्हणजे डोळ्याला न दिसणारा शरीराचा कण, हे त्यानं मला समजेपर्यंत सांगितलं. लाल रक्त, पांढरं रक्त, सगळं त्या थोड्या मूळ पेशींपासून होतं. त्या स्वतः मागं शिल्लक राहतात आणि रोज नवं रक्त करत राहतात. प्रत्येक पेशीत आईबापाकडून आलेली धाग्यासारखी गुणसूत्रं असतात, पेशीनं किती वाढायचं आणि कुठं थांबायचं ते त्यांत ठरलेलं असतं. यांच्या मगजातल्या एका मूळ पेशीत तो धागा बिघडला. एकीतच. ती थांबायचं विसरली. तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी तसल्याच निघाल्या, आणि वाढत वाढत त्यांनी बाकीच्यांना जागाच ठेवली नाही.

हे ऐकून मी आणखी घाबरले. गुणसूत्रं तर आईबापाकडून येतात, असं त्यानंच मघाशी सांगितलं होतं.

“येतात,” तो म्हणाला. “म्हणूनच नीट ऐका. असा आजार झालेल्यांच्या मगजातल्या पेशी बघितल्या तर त्यांत एक गुणसूत्र तोकडं झालेलं दिसतं. त्याच माणसाच्या कातड्यातली पेशी बघितली तर तेच गुणसूत्र धडधाकट असतं. म्हणजे जन्मताना ते चांगलं होतं. हा बिघाड नंतर झाला, आणि झाला तो फक्त मगजात. मूल होतं ते बीज वेगळं असतं, त्याचा मगजाशी संबंध नाही. तुमच्या मुलाला हे यांच्याकडून जाणार नाही.”

नात्यातल्या लग्नांमुळं दुसरे काही आजार होऊ शकतात, तेही त्यानं लपवलं नाही. पण हा त्यांतला नव्हे. मी विचारलं, मग झाला कशानं? त्यानं सरळ सांगितलं, माहीत नाही. मी विचारलं, कुणाची चूक? तो म्हणाला, कुणाचीच नाही.

मला ते सगळं हातात येऊन निसटत होतं. मी माझ्या रीतीनं घट्ट धरायला बघितलं. म्हटलं, म्हणजे विरजणासारखं का हो? चमचाभर मागं ठेवायचं, त्यावर रोज दही लागतं. ते चमचाभरच नासलं तर रोजचं दही नासकं येणार. पण म्हणून गाय नासत नाही, आणि वासरू तर नाहीच नाही.

तो म्हणाला, “असंच आहे.”

माझ्या जिवात जीव आला. इतका आला की मी विचार न करता पुढचं बोलून गेले. म्हटलं, मग सोपं आहे की. नासलेलं विरजण टाकून द्या, शेजारणीकडून चांगलं आणून लावा.

डॉक्टरनं पेन्सिल खाली ठेवली. ते अजून आपल्याला जमत नाही, असं म्हणाला. परदेशात प्रयत्न चाललेत, बहुतेक फसतात. आपल्याकडं गोळ्या आहेत, त्यांनी पांढऱ्या पेशी खाली राहतील, पानथरी उतरेल, माणूस कामाला लागेल. दर थोड्या आठवड्यांनी रक्त तपासायचं. गोळ्या चालू असताना मात्र दुसरं मूल होऊ द्यायचं नाही, गोळ्यांनी बीजाला अपाय होऊ शकतो. हे मूल गोळ्यांच्या आधीचं आहे, त्याला धोका नाही. किती दिवस, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. हे मात्र विचारते झाले. काही वर्षं, डॉक्टर म्हणाला. त्या पेशींत पुढं कधीतरी आणखी एक बिघाड होतो, मग गोळ्या ऐकत नाहीत.

एकाच तोंडानं, एकाच दमात त्या माणसानं माझं पोर मला दिलं आणि नवरा काढून घेतला. मला रागसुद्धा येईना. मी यांच्याकडं बघितलं. वाटलं, हे आता कोसळणार.

“पोराला न्हाई ना पन?” यांनी डॉक्टरला विचारलं. “एकदा परत सांगा.”

डॉक्टरनं परत सांगितलं. यांनी मान हलवली, सदऱ्याची बटणं लावली. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मग मला म्हणाले की भूक लागलीय. कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून खायला मागितलं नव्हतं. मी तेव्हा त्यांना पोराची हालचाल सांगितली, आणि आम्ही दोघंही तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर रडलो.

घरी आत्या वाट बघत होती. मी सगळं सांगितलं, हाड, मगज, मूळ पेशी, कातड्यातला धडधाकट धागा. तिला पटेना. डॉक्टर काय, समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलतात, असं म्हणाली. मग मी विरजणाचं सांगितलं. तरी चेहरा तसाच. हे उठून तिच्या समोर बसले.

“आई, पोर ठेवायचंय,” हे म्हणाले. आईच्या शब्दाबाहेर गेलेलं मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आत्यानं इतके दिवस कोंडून धरलेलं सगळं फुटलं. माझंच रक्त, मीच भावाची पोर हट्टानं आणली, माझ्याच हातानं दोन्हीकडून नाश केला, असं म्हणत तिनं कपाळावर हात मारून घेतले. तेव्हा मला कळलं की ती माझ्या पोरावर उठली नव्हती. ती स्वतःवर उठली होती. माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मी तिचे हात धरले आणि किती वर्षांनी तोंडून निघालं, “अगं आत्या, तुझ्यानं काही झालेलं नाही गं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर दह्याचं गाडगं उकिरड्याशी पालथं पडलेलं. माझ्या आजीचं विरजण, इतकी वर्षं रोज जपलेलं, तिनं मातीत ओतून दिलं होतं. मी चिडून विचारलं, हे काय केलंत, हे तर मी समजावून सांगायला म्हटलं होतं. पदराखाली वाटी झाकून आत्या शेजारच्या घरी गेली आणि त्यांच्याकडचं विरजण घेऊन आली. त्या दिवसापासून आमच्या ताकाची चव बदलली. पुढं आमच्याकडं कुणी काही बोललं नाही त्यावर.

गोळ्या लागू पडल्या. पानथरी उतरली, जुने सदरे परत बसायला लागले. पाऊस पडला, विहिरींना पाणी आलं, हे पान्हे घेऊन इंजिनांवर जायला लागले. मुलगी झाली. यांनी पहिले काही दिवस तिला हातात घेतलं नाही. लांबून बघायचे. माझ्या लक्षात आलं तशी मी एक दिवस तिला सरळ यांच्या मांडीवर टाकली आणि म्हटलं, मी चुलीवर दूध ठेवलंय. दूधबीध काही नव्हतं. मी दाराआडून बघत होते. यांनी तिची मूठ उघडून बघितली, एकेक बोट, इंजिनाचा सुटा भाग बघावा तशी.

आत्या रोज सकाळी तिला तेल लावायची. माझ्या पहिल्यांदा ध्यानात आलं नाही. मग दिसलं की तिची बोटं फिरत फिरत डाव्या बरगडीखाली जातात, तिथं थांबतात, हळूच दाबतात, आणि मग तिचा अडकलेला श्वास सुटतो. रोज. मला वाटलं, खसकन हात ओढून बाजूला करावा. किती वेळा सांगितलं होतं हिला. पण मी काही बोलले नाही. पोरीला गुदगुल्या व्हायच्या, ती हसायची.

मुलगी पळायला लागली त्या वर्षी यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ताप चढला तो उतरेना. पुण्याच्या डॉक्टरनं काचपट्टी बघितली आणि मान हलवली. तो दुसरा बिघाड आला होता. शेवटी शेवटी हे पोरीला जवळ घेऊन पडायचे, आणि मला एकच विचारायचे, डॉक्टर नक्की न्हाई म्हनाला व्हता ना. मी म्हणायचे, नक्की. दिवसातून कितीही वेळा विचारलं तरी मी चिडले नाही. माझ्यासारख्या बाईला ते सोपं नव्हतं.

यांच्यामागं आत्या पुष्कळ जगली. पोरीला न्हाण येईपर्यंत काही ना काही निमित्तानं तिचं पोट चाचपायची. कधी जंत बघायची, कधी नाळ सरकली म्हणायची. मी तिला हसायचे. म्हणायचे, आत्या, विरजण बदलून टाकलंत ना, मग आता कसली भीती?

आता माझ्या मुलीला मूल झालंय. बाळंतपणाला ती माझ्याकडं आली आहे. मूळ पेशी, गुणसूत्रं सगळं ती माझ्यापेक्षा जास्त शिकली आहे, आणि आता तर विरजणसुद्धा बदलता येतं, ते मला तिनंच सांगितलं. परवा सकाळी मी नातवाला पायांवर घेऊन तेल लावत होते. गुडघे चोळले, पाठ चोळली, पोटावर हात फिरवला. हात कुठं थांबला ते माझं मलाच कळलं नाही. वर बघितलं तर मुलगी दारात उभी होती, केस पुसत.

मी हात काढून घेतला.

“आजी जरा वर दाबायची,” ती म्हणाली. “राहू दे. मी बघितलंय मघाशीच.”